कुंपणापर्यंतची धाव

आमच्याकडे एक सरडा आहे. हे सांगितलं की समोरचा माणूस एकतर खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो, नाहीतर विचारतो, "रंग बदलतो का हो?"

बदलतो. फार नाही. पिवळसर मातकट ते काळपट करडा, एवढीच त्याची मजल. पण या दोन रंगांच्या मधे काय काय दडलेलं असतं ते वाचायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात त्याला बाहेरची हवा दाखवायच्या नादात मी त्याला दोनदा चांगलंच छळलं.

त्याचं नाव धोंडू. जात बिअर्डेड ड्रॅगन, मूळ मुलूख ऑस्ट्रेलियाच्या पोटातला, कोरडा आणि उजाड. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढा भरतो. गळ्याखाली काट्याकाट्यांची सैल कातडी आहे. चिडला किंवा घाबरला की ती फुगते आणि काळी पडते, म्हणून तो दाढीवाला. एका मित्राला देश सोडून जावं लागलं, तेव्हा काचेची पेटी, दिवे, कागदपत्रं आणि हा, असा सगळा संसार त्याने माझ्या हवाली केला. घरी आला त्या दिवशी धोंडू तीन तास एका जागी, एका कोनात, जराही न हलता बसला होता. माझी भाची तेव्हा आठ वर्षांची. काचेला नाक लावून ती म्हणाली, "मावशी, हा खरा आहे ना गं?" मी म्हटलं, "धोंडाच आहे बघ नुसता." तेच नाव पडलं.

मला वाटलं, स्वभावाने शांत आहे बिचारा.

त्याला बाहेर न्यायचं ठरलं ते उन्हासाठी. त्याआधी कित्येक महिने मी त्याला रोज सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बसवत होते. काच बंद, कारण पडला तर काय घ्या. कोवळं ऊन त्याच्या पाठीवर यायचं, तो डोळे मिटायचा आणि मला पुण्य लागल्यासारखं वाटायचं. मग त्याच्या पुढच्या पायाची बोटं अधूनमधून थरथरायला लागली. अगदी बारीक. आपला डोळा कधीकधी फडफडतो ना, तेवढीच. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी दिव्याची चौकशी केली, मग उन्हाची.

"रोज देते की ऊन. तासभर तरी."

"काच उघडी ठेवून?"

"नाही, बंद."

"मग तुम्ही त्याला उजेड देत होतात. ऊन नाही."

खिडकीची साधी काच अतिनील किरणांमधला नेमका त्याला हवा तो भाग, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा पट्टा, जवळजवळ सगळा अडवते. हे किरण कातडीवर पडले की तिथल्या एका पदार्थाचं आधी एक कच्चं रूप होतं आणि मग अंगाच्या ऊबेने त्याचं ड-३ जीवनसत्त्व बनतं. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतून उसनं घ्यायला लागतं. आधी थरथर, मग मऊ पडलेला जबडा, वाकलेले पाय. पेटीतला अतिनील दिवाही मित्राने कधी बदलला होता कोण जाणे. या दिव्यांची गंमत अशी की ते दिसायला लख्ख पेटलेले असतात, पण त्यांच्यातले कामाचे किरण केव्हाच ओसरलेले असतात. डॉक्टरांनी दिवा बदलायला लावला, औषध दिलं आणि म्हणाले, "जमेल तेव्हा खरं ऊन द्या. उन्हातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. जास्तीचं झालं तर उन्हातच त्याचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर होऊन जातं."

एवढं ऐकल्यावर मी थांबते कसली.

घरामागे छोटीशी हिरवळ आहे आणि तिच्या तिन्ही बाजूंना झुडपांचं दाट कुंपण. मी धोंडूला नेऊन हिरवळीच्या बरोबर मधोमध ठेवलं. मधोमध अशासाठी की तिथे सावली येत नव्हती आणि मला त्याला भरपूर ऊन द्यायचं होतं. तो ठेवल्या जागी जमिनीला असा चिकटला, की कुणी वरून लाटणं फिरवलं असावं. डोळे मिटले. पाय अंगाशी घेतले. हलला म्हणून नाही. बारा मिनिटं आम्ही त्याच्याभोवती गोल करून बसलो होतो. शेजारचे दोघं आले, त्यांनी फोटो काढले. "किती गुणी आहे हो!" "पहिल्यांदाच बाहेर आलाय म्हणे, आणि बघा कसा सुखावलाय!" मी अशी फुलले होते, की जणू माझ्याच पोराला बक्षीस मिळालं.

रात्री भाची फोनवरचे फोटो बघत होती. एकदम थांबली. "मावशी, ह्याची दाढी का काळी झालीय?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (सरड्याच्या गोष्टीत तिने चुकचुकायला हवंच होतं म्हणा.) मी सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावले. पहिल्या मिनिटाचा, पाचव्या मिनिटाचा, बाराव्या मिनिटाचा. आता सरडा काळा पडणं यात स्वतःहून वाईट काही नसतं. गार सरडा ऊन प्यायला बसतो तेव्हा मुद्दाम गडद होतो, कारण गडद रंगाला ऊब लवकर लागते. अंग पसरून चपटाही होतो, म्हणजे उन्हाला जास्त पाठ मिळते. म्हणून चपटा आणि काळा सरडा बघून तो शेकतोय की भेदरलाय हे एका फोटोवरून सांगता येत नाही. पण शेकणारा सरडा जसा गरम होतो तसा उजळत जातो. आधी गडद, मग फिका. धोंडूचं उलट झालं होतं. बारा मिनिटं उन्हात राहून तो पहिल्यापेक्षा जास्त काळा झाला होता. आणि मिटलेले डोळे? घरी दिव्याखाली निवांत असताना तो डोळे उघडे ठेवून बसतो, फार तर अर्धवट मिटतो. हे डोळे घट्ट आवळलेले होते.

बारा मिनिटं तो मरणाच्या भीतीने गोठून बसला होता आणि आम्ही गुणी गुणी म्हणत फोटो काढत होतो.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, त्याचं नावच चुकलं. तीन तास धोंड्यासारखा बसला तो पहिला दिवससुद्धा शांतपणाचा नव्हता. कुत्रा घाबरला तर शेपूट घालतो, मांजर फिस्कारतं. ती भाषा आपल्याला लहानपणापासून येते. सरडा घाबरला तर काहीच करत नाही. त्याच्याकडे असलेलं सगळ्यात जुनं हत्यार तेच आहे, न हलणं. आणि नेमकं तेच आपल्याला शहाणपण वाटतं.

एवढं घाबरण्यासारखं त्या हिरवळीवर होतं काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. कुत्रं नव्हतं, मांजर नव्हतं. उत्तर त्याच्याच डोक्यावर होतं. धोंडूच्या दोन डोळ्यांच्या जरा मागे, टाळूच्या मधोमध, एक फिकट ठिपका आहे. मोहरीएवढा. भिंगातून बघितलं तर बाकीच्या खरखरीत खवल्यांच्या मधे हा एकच गुळगुळीत, दुधाळ आणि जरासा पारदर्शक दिसतो. तो डोळा आहे. खरोखरचा. त्याला भिंग आहे, दृष्टिपटल आहे, त्यातून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू आहे. चित्र दिसत नाही त्यातून, फक्त उजेड आणि अंधार कळतो. दिवस किती चढला, ऊन किती लागलं याचा हिशोब त्यातून होतो, आणि वरून सावली आली की त्याची वर्दी मिळते. १८८६ साली बॉल्डविन स्पेन्सर या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने सरडे-पालींमधल्या या तिसऱ्या डोळ्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी तो मेलबर्नला प्राध्यापक म्हणून गेला. धोंडूच्या पूर्वजांच्या देशात. असले योगायोग मला उगाचच आवडतात.

तर ज्याच्या डोक्यावर आभाळावर नजर ठेवायला वेगळा डोळा आहे, त्याला मी उघड्या आभाळाखाली, आडोशापासून सगळ्यात लांब जागा शोधून, तिथे नेऊन ठेवलं होतं. वर वर्तुळात बसलेली पाच माणसं वाकून वाकून त्याच्यावर सावल्या पाडत होती. घार झडप घालते ती वरून. मी त्याला पेटीतून उचलते तीही वरूनच. त्या दिवसापासून मी हात बाजूने आणि खालून घालायला लागले, चारही पाय तळहातावर टेकतील असा. दोन आठवड्यांत उचलताना होणारी ती झटक्याची हालचाल कमी झाली. इतकी साधी गोष्ट होती ही, आणि त्याआधी वर्षभर मी रोज घार होऊन त्याच्यावर उतरत होते.

शहाणी झाले म्हणता म्हणता दुसरी चूक केली. पट्टा आणला. मऊ चामड्याचा, छातीवरून आणि पुढच्या पायांमागून जाणारा. गळ्यात पट्टा घालायचा नाही एवढी अक्कल होती. त्या पट्ट्याला पाठीवर वटवाघळासारखे पंखही होते, कारण ड्रॅगन. हे पंख कुणाच्या आनंदासाठी असतात ते सांगायला नको. पट्टा जरा सैलच बांधला, टोचू नये म्हणून. या वेळी त्याला कुंपणाजवळ, झुडपाच्या सावलीच्या कडेला ठेवलं. पहिली दहा मिनिटं तो बसून होता, पण डोळे उघडे, मान वर, दाढी पिवळट. जिभेचं टोक एकदा दगडाला लावून बघितलं. मला धन्य वाटलं. मग फोन वाजला, दोरीची पकड ढिली पडली आणि धोंडू दोन पावलं मागे सरकून पट्ट्यातून असा निसटला की पंख तिथेच राहिले. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो कुंपणात.

पन्नास मिनिटं मी गुडघ्यांवर होते. ऊन कलायला लागलं होतं. सरडा हरवला तर रात्रीच्या गारठ्यात त्याचं काय होतं हे मला माहीत होतं. अंगात स्वतःची ऊब नसते, गारठला की हातपाय चालत नाहीत. हिरवे इग्वाना झाडावर झोपलेले असताना थंडीची लाट आली की अक्षरशः पिकल्या फळासारखे खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने 'झाडांवरून इग्वाना पडतील, दचकू नका' असा इशारा दिला होता. तेव्हा मी तो वाचून हसले होते.

शेवटी सापडला तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. एका जाड खोडाला उभा चिकटला होता, खोडाच्याच रंगाचा. मी त्याच जागेवरून निदान चारदा नजर फिरवली असेल. हात पुढे केला तर या माझ्या गुणी बाळाने तोंड वासलं, दाढी काळीकुट्ट फुगवली आणि माझ्यावर धावून आल्यासारखं केलं. तासाभरापूर्वी पळून गेलेला प्राणी आता पळत नव्हता, लढायला उभा होता.

याचं कारण मला नंतर कळलं. हर्ट्झ, ह्युई आणि नेव्हो या तिघांनी १९८२ साली आगामा सरड्यांच्या दोन जातींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. धोंडूही त्याच कुळातला. त्यात दिसलं ते असं : अंग गरम असेल तर सरडा धोका दिसताच पळतो. अंग गार असेल तर पाय साथ देणार नाहीत म्हणून तो जागेवर उभा राहून तोंड वासतो, अंगावर येतो, चावतो. प्राणी तोच, धोका तोच, वागणं ठरतं अंगातल्या ऊबेवर. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण माझ्या दोन्ही चुकांचा उलगडा त्यात होता. बाहेर आणल्यावर पहिली दहा मिनिटं सरडा निवांत दिसतो तेव्हा तो नुसता तापत असतो. खरी परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते. माझा फोन वाजला तेव्हा धोंडूची टाकी नुकतीच भरली होती.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण कुणाची तरी कुवत काढायला वापरतो. याची मजल ती केवढी, जाऊन जाऊन जाणार कुठे, तर कुंपणापर्यंत. मीही आयुष्यभर अशीच वापरली. त्या संध्याकाळी गुडघ्यांवरची माती झाडताना पहिल्यांदा वाटलं की म्हण बनवणाऱ्याने सरडा नीट बघितला होता, अर्थ लावणाऱ्याने नाही. सरडा कुंपणाच्या पलीकडे जाऊ शकत नाही म्हणून तिथे थांबत नाही. कुंपण हेच त्याचं मुक्कामाचं ठिकाण असतं. डोक्यावर फांदी, पाठीला खोड, पोटाखाली सावली आणि दोन पावलांवर ऊन. मोकळ्या जागेची हौस माणसाला. सरड्याला मोकळी जागा ओलांडायची असते, तीही शक्य तितक्या लवकर.

मग मी त्याला कुंपणच द्यायचं ठरवलं.

लाकडाचं एक खोकं केलं, एका बाजूला तो जेमतेम मावेल एवढं भोक. ते बाहेर नेलंच नाही. आधी पंधरा दिवस त्याच्या पेटीत ठेवलं. चार दिवस त्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पाचव्या रात्री आत जाऊन झोपला. खोक्याला त्याचा वास लागला, कडांना त्याच्या नखांचे ओरखडे पडले. मग एके सकाळी तो आत असतानाच खोकं उचलून गच्चीच्या दारात नेऊन ठेवलं. दार उघडं. तो आतच. दहा मिनिटांनी परत. असं कितीतरी दिवस. घरचे विचारायचे, "काय, आज गेला होता का तुझा धोंडू फिरायला?" मी म्हणायचे, "गेला होता. बाहेर आला नाही."

या दिवसांत मला एक गोष्ट कळली जी आधी कधी डोक्यातच आली नव्हती. त्याने वारा अनुभवलेला नव्हता. काचेच्या पेटीत जन्मलेला, वाढलेला प्राणी. ऊब वरून येते, उजेड वरून येतो, हवा हलत नाही. खोक्याच्या भोकाशी तोंड आणून बसला असताना पहिल्यांदा वाऱ्याची झुळूक आली, तेव्हा त्याने वाऱ्याच्या बाजूचा एक डोळा मिटला. दुसरा उघडाच. बराच वेळ तसाच बसला, जणू कुणीतरी अदृश्य माणसाने चेहऱ्यावर फुंकर घातली आणि आता तो माणूस शोधायचाय. आपण म्हणतो 'बाहेरची सवय', पण बाहेर म्हणजे शंभर वेगळ्या गोष्टी असतात. वारा, पाखरांचे आवाज, पायाखाली टोचणारं गवत, ढग आल्यावर अचानक बदलणारा उजेड, आणि त्या तिसऱ्या डोळ्यावर दिवसभर चालणारी सावल्यांची ये-जा. एकदम सगळं अंगावर सोडलं तर माणूससुद्धा लाटणं फिरवल्यासारखा होईल.

२०१४ साली एका अभ्यासात असं दिसलं की बिअर्डेड ड्रॅगन दुसऱ्या ड्रॅगनला बघून जाळीचं दार सरकवायला शिकतो, म्हणजे चक्क नक्कल करतो. तेव्हा काही दिवस माझ्या डोक्यात खूळ होतं की बाहेर रुळलेला एखादा अनुभवी सरडा शिकवणीला आणावा. पण दोन नर समोरासमोर आले की शिकवणीची मारामारी व्हायला वेळ लागत नाही. राहता राहिले मी. माझी नक्कल करून धोंडू फार तर फोन हातात घेऊन बसायला शिकला असता.

हिरवळीवर आता जाळीचा पिंजरा असतो. वरूनही जाळी, कारण कावळे आणि कारण तो चढतो. अर्ध्या भागावर जुनी चादर, चादरीखाली खोकं, उन्हाच्या बाजूला एक चपटा दगड. काचेची पेटी उचलून उन्हात ठेवायचा मोह कुणाला झाला तर एकच सांगते, नका. काच ऊन आत घेते आणि ऊब बाहेर सोडत नाही. काही मिनिटांत आत भट्टी होते. जाळीतही मी बंदुकीसारखा दिसणारा तो थर्मामीटर घेऊन बसते. दगड चाळीस अंशांच्या आसपास आला की ठीक, त्याच्या वर चालला की चादर पुढे ओढायची. सावलीतलं गवत पंचवीस ते अठ्ठावीस असलं पाहिजे. ऊन जास्त झालं तर तो तोंड उघडून बसतो. नुसतं तोंड उघडं असेल तर काळजी नाही, ती त्याची ऊब सोडायची रीत आहे. पण तोंड उघडं असून तो सावलीत जात नसेल, किंवा धाप लागल्यासारखा दिसत असेल, तर बाकी सगळं सोडून त्याला आत न्यायचं. पट्टा अजून आहे. पंख कापून टाकले आणि बांधणी नीट केली. पण तो फक्त पिंजऱ्याचं दार उघडताना, माझ्या चुकांसाठी.

गवतावर कुणी औषध मारलेलं नाही ना याची खात्री आणि परत आल्यावर साबणाने हात धुणं, या गोष्टी आता अंगवळणी पडल्यात. एकच भीती अजून अंगावर काटा आणते, ती काजव्यांची. भाचीला काजवे फार आवडतात. काही जातींच्या काजव्यांच्या अंगात लुसिब्युफॅजिन नावाची विषं असतात, हृदयावर घाला घालणारी. ज्या मुलखात असले काजवे नाहीत तिथून आलेल्या बिअर्डेड ड्रॅगनला हे कळत नाही, तो चमकणारा किडा दिसला की गट्टम करतो. एक काजवासुद्धा त्याला मारायला पुरतो. त्यामुळे दिवेलागणीच्या आधी धोंडू घरात, हा नियम. भाचीच तो माझ्यापेक्षा कडकपणे पाळते.

लोक विचारतात, आमच्या पालीलाही बाहेर नेऊ का? मी आधी विचारते, कुठली पाल. लेपर्ड गेको संधिप्रकाशात फिरणारी, तिला भर उन्हात बसवणं म्हणजे आपल्या हौसेसाठी तिचे डोळे दिपवणं. क्रेस्टेड गेकोला आपल्याला सुखद वाटणारी दुपारसुद्धा भारी पडू शकते, आणि घाबरून शेपटी टाकली तर तिला ती परत येत नाही. शॅमेलिऑनला हाताळून घेणंच आवडत नाही. त्याला न्यायचंच तर त्याच्या कुंडीतल्या झाडासकट न्यावं. आणि हो, कुठल्याच सरड्याला 'फिरायला' नेता येत नाही. बरोबर नेता येतं. फिरायचं की नाही ते तो ठरवतो.

बाहेरून आलेल्या दिवशी धोंडू लवकर झोपतो. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी बिअर्डेड ड्रॅगनची झोप मोजली. आपल्यासारख्याच झोपेच्या दोन अवस्था त्यांना त्याच्यात सापडल्या, एकीत मिटल्या पापण्यांआड डोळे हलतात ती. दोन्ही अवस्थांचा मिळून एक फेरा जेमतेम ८० सेकंदांचा. आपला दीड तासाचा असतो. रात्री दिवा मालवण्याआधी मी कधीकधी उभी राहून बघते. पापणीखाली बारीक हालचाल होते, थांबते, पुन्हा होते. त्याला काय दिसतं ते मला ठाऊक नाही. मला मात्र त्या पापणीकडे बघताना हिरवळीवरची ती बारा मिनिटं आठवतात.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, ऊन नुकतं दगडावर आलेलं. मी जाळीपासून लांब, खाली बसले होते, सावली त्याच्या बाजूला पडणार नाही अशी. खोक्याच्या भोकात आधी नाक आलं. मग डोकं. मग पुढचे दोन्ही पाय. थर्मामीटरवर दगड छत्तीस. तो दगडाकडे निघाला, अर्ध्या वाटेवर पोचला आणि तेवढ्यात वरून एक मोठी सावली गवतावरून सरकत गेली. घार होती की कावळा, मला बघायला वेळ मिळाला नाही, कारण मी त्याच्याकडे बघत होते. धोंडू गोठला नाही. वळला आणि सुसाट खोक्यात शिरला. शेपटीसुद्धा बाहेर राहिली नाही.

भाची कुजबुजली, "घाबरला गं."

"हो," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला होता की आवाज दाबून ठेवावा लागला.

आम्ही वाट बघत राहिलो. मुंग्यांची एक रांग दगडाला वळसा घालून गेली. भाचीचा पाय मुंग्यांनी भरला, म्हणजे बधिर होऊन, खऱ्या मुंग्यांनी नव्हे, तरी ती हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग भोकात पुन्हा नाक दिसलं. डोकं बाहेर आलं, पिवळट, दाढीवर काळ्याचा ठिपका नाही. त्याने मान तिरपी केली, एका डोळ्याने सरळ वर आभाळाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि अंग दगडाच्या दिशेने पुढे ओढलं. दगडावर त्याचं पोट टेकलं तेव्हा शेपटीचं टोक अजून खोक्यातच होतं.